कागदावरचे इमले

झाँ-झाक लक्यो हा अठराव्या शतकाच्या अखेरीचा फ्रेंच वास्तुरचनाकार. ज्या इमारतीकडे बोट दाखवून 'ही त्याची' असे सांगता येईल, अशी एकही महत्त्वाची वास्तू त्याच्या मागे उरलेली नाही. उरली ती सुमारे आठशे चित्रे. त्यांतली बहुतेक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. गाईच्या आकाराचा गोठा, पृथ्वीच्या आकाराचे देऊळ, जमिनीखाली आग-पाण्याच्या परीक्षा घेणारे तळघर, शिकारी कुत्र्यांची आणि रानडुकरांची डोकी मिरवणारे फाटक असा तो सगळा ऐवज आहे. त्यातले काहीही बांधले गेले नाही, आणि बरेचसे बांधले जावे असा खुद्द त्याचाही हट्ट होता असे दिसत नाही. सव्वाशे वर्षे ही चित्रे ग्रंथालयात पडून राहिली. त्यांना हात लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

लक्योचा जन्म 14 सप्टेंबर 1757 रोजी रुआँ येथे झाला. सेन नदीकाठचे हे नॉर्मंडीतले शहर कॅथीड्रलसाठी आणि कापडाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. वडील सुतारकाम करणारे, फर्निचर घडवणारे. घरात करवत-रंध्याबरोबर मापे, खतावण्या आणि नमुन्याची रेखाटने असणार, हे ओघानेच आले. झाँ-बातिस्त देकाँ या चित्रकाराने चालवलेल्या रुआँच्या मोफत चित्रशाळेत तो शिकला. अशा चित्रशाळा त्या काळी फ्रान्सच्या अनेक शहरांत निघाल्या होत्या. त्यांचा हेतू मोठे चित्रकार घडवणे एवढाच नव्हता. सुतार, गवंडी, कापडावर छाप उठवणारे, दागिने घडवणारे अशा कारागिरांच्या मुलांना नेमकी रेघ मारता यावी, कारण चांगल्या रेघेवर मालाची किंमत वाढते, हा त्यामागचा व्यवहार होता. लक्योला तिथे बक्षिसे मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली आणि 1779 च्या सुमारास तो पॅरिसला आला.

पॅरिसमध्ये त्याला जागा मिळाली ती झाक-जेर्मँ सुफ्लो याच्या हाताखाली. सुफ्लो म्हणजे सेंत-जनव्हिएव्हच्या प्रचंड चर्चचा, आज पाँतेओं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूचा रचनाकार. खेड्यापाड्यांतून नाही, तरी प्रांतातून आलेल्या सुताराच्या मुलासाठी यापेक्षा चांगली सुरुवात कोणती? पण 1780 च्या ऑगस्टमध्ये सुफ्लो वारला आणि लक्योच्या डोक्यावरचे छत्र गेले. पुढे त्याच घराण्यातल्या फ्रान्स्वा सुफ्लोकडे त्याने काम केले. पॅरिसमधल्या माँतोलाँ कुटुंबाच्या हवेलीसाठी त्याने दिवाणखान्याची सजावट आणि फर्निचर यांची अतिशय देखणी चित्रे काढली. 1786 मध्ये रुआँच्या अकादमीने त्याला सहसदस्य करून घेतले. पंचविशी-तिशीतल्या होतकरू माणसाची कारकीर्द जशी चालावी तशीच ही चालली होती. अजून चार-पाच वर्षे अशीच मिळाली असती, तर श्रीमंतांच्या बागांमध्ये छोटी मंदिरे आणि बंगल्या बांधणारा एक बरा रचनाकार म्हणून तो निघून गेला असता.

1789 ची क्रांती आडवी आली. ज्यांच्या पैशावर हवेल्या उठत होत्या ते सरदार परदेशी पळाले, तुरुंगात गेले किंवा कर्जात बुडाले. बांधकामे थंडावली. फ्रान्समधल्या वास्तुरचनाकारांची एक अख्खी पिढी एकाएकी बेकार झाली.

मात्र न बांधलेल्या वास्तूंची चित्रे काढण्याची प्रथा क्रांतीने सुरू केली असे नव्हे. ती अकादमीतच रुजलेली होती. राजाच्या वास्तुअकादमीत दरवर्षी मोठ्या पारितोषिकासाठी स्पर्धा होई. विद्यार्थी कुणालाही नको असलेल्या, कुणालाही न परवडणाऱ्या इमारतींचे भव्य आराखडे काढत, आणि जिंकणारा रोमला जाई. एतिएन-लुई बुले (1728–1799) या अकादमीच्या सदस्याने हीच सवय टोकाला नेली. 1784 मध्ये त्याने न्यूटनच्या स्मारकाची कल्पना मांडली. सुमारे दीडशे मीटर व्यासाचा पोकळ गोल, आत काहीही नाही, फक्त तळाशी समाधी. घुमटाला पाडलेल्या छिद्रांतून दिवसा उजेड येईल आणि आत चांदण्यांची रात्र होईल. दुसरा क्लोद-निकोला लदू (1736–1806). याने खरोखर पुष्कळ बांधले. आर्क-ए-सेनाँचा मिठाचा राजकारखाना त्याचा, पॅरिसभोवतीची जकातनाकीही त्याचीच. जकातीचा लोकांना इतका संताप होता, की 1789 च्या जुलैत त्यांतली बरीच नाकी जाळली गेली. लदू स्वतः क्रांतीच्या काळात तुरुंगात पडला आणि बाहेर आल्यावर त्याने आपल्या कल्पनेतल्या आदर्श नगराचा ग्रंथ 1804 मध्ये छापला.

आजच्या पुस्तकांत बुले, लदू, लक्यो ही नावे एका दमात घेतली जातात. ती तशी घेणे सोयीचे आहे, पण फसवे आहे. पहिले दोघे लक्योपेक्षा एक पिढी मोठे होते, अकादमीचे सदस्य होते, त्यांच्याकडे पैसा, शिष्य आणि वजन होते. बुलेचे गोल आणि लदूची नगरे ही प्रतिष्ठित माणसांची स्वप्ने आहेत. लक्यो हा कचेरीतला माणूस. त्याचा कागद वेगळा दिसतो याचे निम्मे कारण तेच आहे.

1794 च्या वसंतात क्रांतिसरकारने वास्तुस्पर्धा जाहीर केल्या. प्रजासत्ताकाला स्मारके, सभागृहे, समतेची मंदिरे, विजयकमानी, खेड्यांसाठी सुधारलेली घरेसुद्धा हवी होती. तिजोरीत खडखडाट होता, सीमेवर युद्ध होते, पण कागदाला तोटा नव्हता. शेकडो आराखडे आले. लक्योनेही पाठवले. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पॅरिसच्या वेशीवरचे एक द्वार, त्याच्या शब्दांत जनतेची कमान. खाली किल्ल्यासारखे जाडजूड द्वार आणि वर प्रचंड हर्क्युलीस बसलेला. डोक्यावर क्रांतीची टोपी, हातात गदा. द्वार त्याच्यापुढे चौरंगाएवढे वाटावे इतका तो मोठा. या कागदाच्या मागे लक्योने लिहून ठेवले आहे, की हे चित्र आपली मान गिलोटिनपासून वाचवण्यासाठी काढले.

या एका टिपेवरून लक्योला क्रांतीचा छुपा विरोधक ठरवणारे अभ्यासक आहेत. ते जरा घाईचे होते. त्याच माणसाने समतेच्या मंदिराचा आराखडा तितक्याच मनापासून काढला आहे, पृथ्वीच्या देवळाचाही काढला आहे. हे देऊळ म्हणजे एक मोठा गोल, आणि आत गेल्यावर घुमटात तारे. बुलेच्या न्यूटन-स्मारकाशी त्याचे नाते उघड आहे. फरक असा, की बुलेचा गोल आपल्या विस्ताराने पाहणाऱ्याला दडपून टाकतो, तर लक्योचा बेताचा असून त्याच्या अंगावर लिहिलेले, नोंदवलेले, सजवलेले पुष्कळ आहे. लक्योला रिकामी भिंत बघवत नसे. त्या वर्षीच्या जुलैत क्रांतिसरकारचा म्होरक्या रोबेस्पिएर गेला आणि स्पर्धांची हवाही गेली. बक्षिसे वाटली गेली, पण त्या आराखड्यांतून दगडावर दगड असा जवळजवळ चढलाच नाही.

पोटासाठी लक्योने सरकारी नोकरी धरली होती. 1793 पासून तो जमीन-मोजणी खात्यात आरेखक होता, पुढे 1802 पासून गृहखात्याच्या बांधकाम विभागात. फ्रान्सची मोजणी त्या काळी गास्पार द प्रोनी या गणिती अभियंत्याच्या देखरेखीखाली चालली होती. नवे राज्य देशाचा प्रत्येक तुकडा मापून कागदावर आणू पाहत होते, आणि त्यासाठी स्वच्छ हाताची माणसे लागत. दिवसभर मोजणीचे तक्ते, रंगवलेले नकाशे, सरकारी प्रती. सत्ता बदलत गेल्या. राजा गेला, प्रजासत्ताक आले, नेपोलियन आला, पुन्हा राजा आला. आरेखक तिथेच बसून होता. 1815 मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा वय अठ्ठावन्न होते आणि बढती अशी फारशी नव्हती.

याच वर्षांत कचेरीच्या कामाबाहेर त्याचा खरा संग्रह वाढत गेला. त्याने त्याला 'नागरी वास्तुकला' असे साधे नाव दिले होते. पुढे पुस्ती जोडली होती, की यात पृथ्वीवर विखुरलेल्या वेगवेगळ्या लोकांच्या इमारती आहेत. इजिप्त, चीन, तुर्कस्तान, ग्रीस, गॉथिक युरोप अशा सगळ्या ठिकाणांहून त्याने उसने घेतले. हे सारे त्याने पुस्तकांतून पाहिलेले होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवासवर्णने आणि कोरीव चित्रांची पुस्तके पॅरिसमध्ये भरपूर मिळत. त्यांतले स्तंभ, शिखरे, कमानी तो उचलतो आणि स्वतःच्या इमारतीत अशा बेधडकपणे एकत्र करतो, की अकादमीच्या परीक्षकाने पाहून कागद बाजूला ठेवला असता. बागेतल्या एका भेटीच्या जागेत, बेलव्ह्यूच्या संकेतस्थळात, एकाच छोट्या इमारतीला किल्ल्याचा बुरूजही आहे आणि ग्रीक देवळाचा तुकडाही. पाहणाऱ्याला वाटावे की चार वेगळ्या गावांतल्या गवंड्यांनी एकमेकांशी न बोलता ती बांधली. पण नीट पाहिले तर तोल कुठे ढळत नाही. उंच भाग आणि बसके भाग एकमेकांना धरून आहेत. हे काम हात बसलेल्या माणसाचेच आहे, वेड्याचे नाही.

गोठ्याचा कागद या संग्रहातला सर्वांत जास्त छापला गेलेला. हिरव्यागार कुरणाकडे तोंड केलेला, दक्षिणाभिमुख गोठा असे त्याचे शीर्षक आहे, आणि ते वाचून शेतकी खात्यातल्या एखाद्या सोज्वळ नकाशाची अपेक्षा होते. चित्रात आहे ती इमारतीएवढी गाय. प्राण्याच्या आकाराची वास्तू ही कल्पना लक्योची एकट्याची नव्हे. 1758 मध्ये शार्ल रिबार या अभियंत्याने शाँझेलिझेच्या टेकडीवर हत्तीच्या आकाराची इमारत सुचवली होती. आज जिथे विजयकमान उभी आहे तीच ती जागा. नेपोलियनच्या काळात तर बास्तीयच्या चौकात हत्तीचा अवाढव्य नमुना प्लास्टरमध्ये खरोखर उभा राहिला आणि 1846 पर्यंत पावसात झिजत राहिला. पण हे दोन्ही हत्ती राजाच्या आणि सम्राटाच्या गौरवासाठी होते. लक्योची गाय कुणाचा गौरव करत नाही. गोठ्यात गाय राहते म्हणून गोठा गाईसारखा. इमारतीने आपला उपयोग आपल्या तोंडानेच सांगावा हे त्या काळचे आवडते तत्त्व होते. लक्योने ते अक्षरशः घेतले. इतके अक्षरशः, की त्यात तत्त्वाची थट्टा आहे की तत्त्वावरची श्रद्धा, हे कागद सांगत नाही. शिकारीच्या रानाच्या फाटकाचेही तसेच. आत हरणे, डुकरे आणि कुत्री, म्हणून फाटकावरही त्यांचीच डोकी.

याहून गुंतागुंतीचा कागद गॉथिक घराचा. घर वरून पाहिले तर साधेसे. लक्योने मात्र ते उभे कापून जमिनीखालचा भाग दाखवला आहे. वास्तुरचनाकार ज्याला छेद म्हणतात तसा हा छेद, आणि खरी इमारत ती खालीच आहे. विहिरीसारख्या खोल वाटेने उमेदवार उतरतो. पुढे एक दालन आगीचे, एक पाण्याचे, मग हवेतून नेणारी यंत्ररचना. या परीक्षा पार करणाऱ्यालाच ज्ञानाचा अधिकार. ही कल्पना त्याने आबे तेरासाँ याच्या 'सेथोस' या 1731 च्या कादंबरीतून घेतली. इजिप्तच्या पुरोहितांची गुप्त दीक्षा हा तिचा विषय. फ्रीमेसन मंडळींत ती फार वाचली जाई, आणि मोझार्टच्या 'जादूची बासरी' या 1791 च्या ऑपेरातल्या अग्नी आणि जल यांच्या परीक्षाही तिथूनच आल्या आहेत. कादंबरीकाराने जे वर्णनात सोडून दिले ते लक्योने भरून काढले. ज्वाळा कशातून उठतात, पाणी कुठून येते, भिंत किती जाड, पायऱ्या किती. अद्भुत गोष्ट त्याने ठेकेदाराला समजेल अशा भाषेत मांडली. लक्योचे सामर्थ्य नेमके इथे आहे. त्याची कल्पना भरारी घेते हे खरे, पण तशी भरारी त्या काळात अनेकांनी घेतली. भरारी घेताना त्याने पट्टी आणि गुण्या खाली ठेवला नाही, हे विशेष.

तंत्राच्या बाबतीत त्याचा कागद त्या काळच्या उत्तम कचेरीतलाच आहे. आधी पेनने काळ्या शाईची बारीक रेघ, मग पातळ केलेल्या शाईचे थरावर थर, मग जलरंग. सावल्या ठरलेल्या कोनातूनच पडतात. कापलेल्या भिंतीचा रंग वेगळा, लाकडाचा वेगळा, धातूचा वेगळा. चौफेर चौकट आणि मोकळ्या जागेत दाट, बारीक अक्षरातल्या नोंदी. एका पानावर तर चांगल्या आरेखकाची सगळी अवजारेच चितारली आहेत. कंपास, पट्ट्या, लेखण्या, कुंचले, शाईचे साहित्य. आपले हत्यार पूजेला मांडावे तसे हे पान आहे, आणि त्याच्या सगळ्या संग्रहात त्याचा स्वभाव एवढ्या सरळपणे क्वचितच दिसतो.

इमारतींशिवाय त्याने माणसेही पुष्कळ काढली. 1792 च्या हस्तलिखितात त्याने माणसाचे डोके भूमितीने कसे रेखाटावे याची पद्धत मांडली आहे. वास्तूचे आराखडे मापावर आणता येतात, तर नाक, डोळे, ओठ का नाहीत, असा त्याचा रोख. मग ते नियम मोडणारे चेहरे आले. जांभई देणारा, जीभ काढणारा, एक डोळा मिटून तोंड वेंगाडणारा. बहुतेकांसाठी आरशासमोर तो स्वतःच बसलेला दिसतो. फ्रान्झ झावर मेसरश्मिट या शिल्पकाराने थोडे आधी अशीच वेडीवाकडी तोंडे घडवली होती, आणि चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचे शास्त्र त्या काळात घरोघर चर्चेत होते. 1798–99 च्या एका चित्रात कमानीच्या कोनाड्यातून एक विवस्त्र स्त्री बाहेर झुकून पक्षी सोडते आहे. तो मोकळा झाला, असे त्याखाली शीर्षक आहे. दगडी चौकट इतकी काटेकोर आणि शरीर इतके जिवंत, की चित्र पाहताना नजर अडखळते. काही चित्रे याहून उघड कामुक होती. ग्रंथालयाने ती 'नरक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंद कप्प्यात ठेवली, जिथे असल्या गोष्टी सर्वसाधारण वाचकाच्या नजरेआड राहत.

निवृत्तीनंतर पैशाची तंगी होती. चित्रांचा संग्रह विकण्याची त्याची खटपट चालली होती, पण गिऱ्हाईक भेटले नाही. ज्यांना स्तंभांची शिस्त हवी होती त्यांना हा पसारा नको होता, आणि ज्यांना मौज हवी होती त्यांच्याकडे पैसे नव्हते. 1825 मध्ये त्याने सगळे कागद राजाच्या ग्रंथालयाला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, देऊन टाकले. 28 मार्च 1826 रोजी तो पॅरिसमध्ये वारला. देणगी एखाद्या वर्षाने लांबली असती, तर हे कागद रद्दीत जाण्याची शक्यताच जास्त होती. सरकारी आरेखकाचा हा शेवटचा निर्णय त्याच्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत व्यवहारी ठरला.

लक्यो पुन्हा उजेडात आला तो व्हिएन्नाच्या एमिल काउफमान या कलाइतिहासकारामुळे. काउफमानने 1933 मध्ये लदूपासून विसाव्या शतकातल्या ल कॉर्ब्युझिएपर्यंत एक सलग धागा दाखवणारे पुस्तक लिहिले. आधुनिक वास्तुकलेची मुळे क्रांतीच्या काळात आहेत, असे त्याचे म्हणणे. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर ज्यू असल्याने त्याला देश सोडावा लागला. अमेरिकेत त्याने 1949 मध्ये लक्योवर लेख लिहिला आणि 1952 मध्ये बुले, लदू आणि लक्यो या तीन क्रांतिकारी वास्तुरचनाकारांवर ग्रंथ काढला. हान्स झेडलमायर या दुसऱ्या कलाइतिहासकाराने मात्र 1948 मध्ये याच काळातल्या गोलाकार इमारतींकडे बोट दाखवून युरोपीय संस्कृतीचा कणा मोडल्याचे हे लक्षण आहे असे सांगितले. एकाला जिथे सुरुवात दिसली तिथे दुसऱ्याला रोग दिसला. लक्यो या वादात तिसऱ्या नंबरला राहिला, कारण त्याच्या गाई आणि जांभया दोघांच्याही सिद्धांतात नीट बसत नव्हत्या.

1964 मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या द्रष्ट्या वास्तुरचनाकारांचे प्रदर्शन भरवले आणि 1967 पासून ते ह्यूस्टनहून अमेरिकेत फिरले. 1986 मध्ये फिलिप द्युब्वा याने लक्योवर जाडजूड पुस्तक लिहिले. त्यात असा तर्क होता, की मार्सेल द्युशाँ या कलावंताने विसाव्या शतकात या कागदांवर हात चालवला असावा. द्युशाँ 1913–14 च्या सुमारास ग्रंथपालाचे काम करत होता हे खरे, पण ते सेंत-जनव्हिएव्हच्या ग्रंथालयात. तर्क मनोरंजक आहे, अभ्यासकांनी तो फारसा स्वीकारला नाही. मात्र लक्योची चित्रे विसाव्या शतकातली वाटतात, ही त्यामागची जाणीव अनेकांना पटली. केवळ लक्योचे म्हणावे असे मोठे प्रदर्शन भरायला 2018 उजाडावे लागले. ते पॅरिसच्या प्ती पालेमध्ये डिसेंबर 2018 ते मार्च 2019 या काळात झाले, आणि मग त्याची चित्रे ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात गेली.

त्याला वेडा म्हणणारे, विकृत म्हणणारे, अतिवास्तववाद्यांचा पूर्वज म्हणणारे असे सगळेच आज आहेत. या बिरुदांपेक्षा त्याची नोकरी जास्त उलगडा करते. ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला कुणाची पसंती सांभाळावी लागत नाही, आणि ज्याचा हात रोज मोजणीच्या कामात घासला जातो त्याची स्वैर कल्पनाही मापाबाहेर जात नाही. बुलेचा न्यूटन-गोल त्या काळच्या गवंड्यांना पेलला नसता. लक्योच्या बऱ्याच इमारती मात्र पैसे असते तर बांधता आल्या असत्या, गाईचा गोठासुद्धा. हे कागद आता राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संगणकीय संग्रहात कुणालाही फुकट पाहता येतात.